उताराचा अंदाज

किनाऱ्यावरच्या त्या जुन्या शहरात समुद्राकडे उतरणारी जवळजवळ प्रत्येक वाट पायऱ्यांची होती, आणि आजींच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नव्हत्या. "तुम्ही सगळे जाऊन या. मी खिडकीतूनच बघते समुद्र," त्या म्हणाल्या.

"चपला घाल. एकही पायरी लागणार नाही," आजोबांनी जाहीर केले.

"बाबा, काल आईंना घेऊन आम्ही सगळे दिवसभर गाडीने फिरायला गेलो, तेव्हा तुम्ही तर खोलीत झोपून होतात. रस्ता कसा माहीत?" सुनेने विचारले.

"इंजिनिअरला उताराचा अंदाज असतो."

छापखान्यामागची गल्ली, गोदामाचा फरसबंद उतार, मासळी बाजारातला ढकलगाड्यांचा रस्ता. कुठेही न अडखळता, कुणालाही न विचारता आजोबांनी सगळ्यांना थेट वाळूपाशी आणले.

तिथे खुर्च्या भाड्याने देणारा हसला. "काय काका, सापडली वाट? काल दिवसभर एकेका गल्लीतून खाली येत होतात आणि मान हलवून परत वर जात होतात."

त्याने पुढे केलेली खुर्ची आजींनी आजोबांकडे सरकवली.

"आधी तुम्ही बसा. रात्री माझ्याकडून पाय चेपून घेतलेत, ते म्हणे गादी कडक होती म्हणून."