ढोलीतला डाव

"हू का चू करू नोको. मी आवाज देल्याबिगर निंगाचं नाई," असं म्हणत कलाबाईनं पाच वर्षांच्या नातीला धान साठवायच्या रिकाम्या ढोलीत उतरवलं.

समीक्षा तोंडावर हात दाबून हसली. रेसटीप, म्हणजे लपाछपी, तिचा लाडका खेळ. तिची आई, कलाबाईची लेक अल्का, तापानं गेली तेव्हा ही पोर महिनाभर बोलली नव्हती. कलाबाईनं मग खेळच मांडला. दुखऱ्या गुडघ्यांनी ती खाटेखाली शिरायची, गोठ्यात लपायची आणि नात शोधत आली की मुद्दाम खोकायची. अख्खं सौंदड गाव हसायचं. पण पोर बोलायला लागली.

आज मात्र स्टेशनच्या वाटेनं प्रफुल्ल येताना दिसला होता. समीक्षाचा बाप. बायको गेल्यावर पोर सासूकडे ठेवून तो गोंदियाला राइस मिलमध्ये लागला. आता तिथंच जवळ कुडव्याला खोली केली होती, दुसरं लग्नही.

"आई, समीले न्याले आलो."

"समी घरी नाई. मामासंगं भंडाऱ्याले गेली."

"कवा येते?"

"तुमाले काय करा लागते? नवा संसार मांडला ना, मग तो करा."

उंबऱ्याशी समीक्षाच्या चपला पडल्या होत्या. प्रफुल्लनं त्या पाहिल्या. घरात तोंड करून एकदाच हाक मारली, "समी!"

आतून काही आवाज आला नाही. तो आल्या वाटेनं परत गेला.

कलाबाईनं कडी लावली. ढोलीतून नातीला वर ओढलं. घामानं भिजलेली पोर तिच्या गळ्यात पडली. कलाबाईनं तिला घट्ट धरलं. अल्काचं एवढंच तर उरलं होतं.

"आजी, बाबा होते ना?"

कलाबाई तिच्या केसांतला भुसा झटकत राहिली.

"रडून राह्यले होते. मले ऐकू आलं. मी ओ देनार होती, पन तू म्हनली होती ना, आवाज नाई कराचा. म्हून तोंड दाबून धरलं."

बापाचे डोळे कलाबाईनंही पाहिले होते. पाहूनच कडी लावली होती.

तिनं पोरीचं तोंड पदरानं पुसलं. स्वतःचं पुसलं नाही. स्वतःच्या रडण्याला आता उरलेलं सगळं आयुष्य पडलं होतं.

"चाल," ती म्हणाली, "पाय उचल लवकर. टेसनावर बाबाची गाडी आली नसन अजून."