लाल पट्ट्याची गाय

“हेही औषध लागू पडत नाही म्हणजे काय?” कार्ला हॉगन इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतली नर्स दार उघडून बघू लागली.

आत तिची नऊ वर्षांची ब्रिटा तापाने फणफणली होती. जुलाबातून रक्त जात होतं आणि जंतू आता रक्तातही उतरले होते. नेहमीच्या औषधांना ते दाद देत नव्हते. एकच औषध उरलंय, त्याचीही खात्री देत नाही, असं डॉक्टर मॅकिनिसबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

“साध्या सर्दीला मूठमूठ गोळ्या तुम्ही वाटणार आणि भोगायचं माझ्या पोरीनं! तिनं आजवर अँटिबायोटिकची एक गोळी घेतलेली नाही. एक!”

“तिनं नसेल घेतली,” डॉक्टर म्हणाल्या. “पण हे जंतू कुणाच्या तरी आतड्यात तयार झालेत. थोडं थोडं औषध रोज पोटात गेलं की साधे जंतू मरतात, निगरगट्ट तेवढे उरतात आणि तेच वाढतात. मग शेणातून, लाळेतून दुसऱ्याच्या पोटात जातात. तुमच्याकडे गुरं आहेत ना?”

झालं! कार्लाच्या अंगाचा तिळपापड झाला. अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये हॉगनांच्या गोठ्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती, आणि ही कालची बाई तिला शिकवणार? तिने नवऱ्याकडे पाहिलं. व्हर्लिन भिंतीला टेकून नुसता उभा होता. आल्यापासून त्याने तोंड उघडलं नव्हतं, याचाही तिला संताप आला.

“आमच्यावर ढकलू नका! गाय आजारी पडल्याशिवाय आम्ही औषधाला हात लावत नाही. दिलंच तर तिच्या पायाला लाल पट्टा बांधतो. तो सुटेपर्यंत तिच्या दुधाचा थेंब टँकरमध्ये जात नाही. लोकांच्या पोरांना औषधाचं दूध पाजायला आम्ही काय हरामखोर आहोत?”

“मग त्या दुधाचं काय करता?”

“काय करतो म्हणजे? गटारात ओतू? वासरांना पाजतो. इथे सगळेच पाजतात. विचारा आमच्या ब्रिटाला, तीच तर पाजते! नवं वासरू बादलीत तोंड घालत नाही, मग ती दुधात बोटं बुडवते, त्याला चोखायला देते...”

बोलता बोलता कार्लाची नजर दारातून आत, ब्रिटाच्या बोटांवर गेली.

व्हर्लिनने भिंतीवर मूठ आपटली. “लोकांच्या पोरांना नको म्हणून बाजूला काढलेली बादली रोज सकाळी तिच्या हातात आपणच दिली, कार्ला. आपणच!”