चित्रातला गडी

ब्रेडा गावाच्या मैदानावर आम्ही शिपाई एका हातानं बंदूक आडवी तोलून उभे होतो. ज्याचा हात खाली येईल, त्याची संध्याकाळची बिअर बंद. माझा हात खाली झुकू लागला, तसं सार्जंट खोव्हर्टनं कवायतीचं नवं चित्रांचं पुस्तक माझ्या नाकापुढं धरलं.

"हा गडी बघ, टीमन. बंदूक कशी धरलीय, जणू कोंबडीचं पीस. नाहीतर तू."

"सार्जंटसाहेब, तो मीच आहे. चित्रकारासमोर मीच उभा राहिलो होतो."

"मग तर तुला जास्तच लाज वाटायला हवी. आठवडाभर बिअर बंद."

 

चित्रकारानं माझ्या मिशीचा केस न् केस काढला होता. फक्त माझं मनगट छताला टांगून ठेवणारी दोरी तेवढी गाळली होती.