पाणबुडीला घरचा निरोप

"बाबा, आईच्या नावानं अजून किती दिवस लिहिणार?" नोल्वेननं विचारलं.

निवृत्त कप्तान यान केर्देल टाइप करत राहिला. "अंजिराला फळं धरलीत. तुझा निळा स्वेटर उसवला होता, तो शिवून ठेवलाय. लवकर ये."

फ्रान्सच्या अण्वस्त्रवाहू पाणबुडीवर आता माणसं नव्हती. यानच्याच मनाची, तो चाळिशीत असताना संगणकात उतरवून घेतलेली प्रत तिथे कप्तान होती. घराची ओढ असलेलं मन क्षेपणास्त्रं सोडायची घाई करत नाही, असं नौदल मानायचं. म्हणून दर रविवारी घरून चार ओळी जायच्या. नियम यानच्या काळातलाच होता: समुद्रावर वाईट बातमी कळवायची नाही.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"सांगून टाका ना त्याला. तो म्हणजे तुम्हीच की!"

"म्हणूनच नाही सांगत. मला कळलं तेव्हा घरातली एकही बशी मी शाबूत ठेवली नाही. त्याच्या हाताशी बश्या नाहीत, पोरी."

निरोप पाठवण्याआधी यानला बायकोची नेहमीची ओळ आठवली. त्यानं ती शेवटी जोडली: "आणि दाढी करून ये, टोचते."

मग तो कितीतरी वेळ स्वतःच्या वाढलेल्या दाढीवरून हात फिरवत बसला.