गप्प बसणारा पंखा

खालून छताला झाडूचा दांडा आपटला. ठक, ठक, ठक.

धाकटीने जीभ चावली. यंत्र आत्ताच कुठे शांत झालं होतं. ते चालू असताना घरघर एवढी, की छप्पर उडून गेलं तरी तिला पत्ता लागला नसता. घरघर थांबली की मग हे ठोके कळायचे. म्हणजे खालची माणसं कधीपासून ठोकत असतील, देव जाणे.

"झालंच हं काकू, एवढं एक," ती जमिनीकडे बघून पुटपुटली आणि उरलेलं एकदाचं उरकून टाकावं म्हणून घाईघाईने चित्राचा पुढचा तुकडा लावला. यंत्र पुन्हा गुरगुरायला लागलं.

धाकटी पडद्यावर हलणारी चित्रं बनवायची. सध्या एका सशाचं काम चाललं होतं. सशाच्या अंगावरचा केस न्‌ केस वाऱ्याने हलायला हवा, तर काँप्युटरला तासन्‌तास राबवावं लागतं. राबला की तो तापतो, आणि तापला की त्याचा पंखा बोंब मारतो.

ही वरची खोली म्हणजे तिचं पहिलं हक्काचं दार. त्याआधी ती दादाच्या दिवाणखान्यात पडद्याआड राहायची, आणि भाचे पेनाने तिच्या सशांना मिशा काढायचे. वहिनी चांगली होती हो. पण चांगुलपणालाही थोडी जागा लागतेच की.

घरमालकीणकाकूंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "पाहुणे येऊ देत, भिंतीला खिळे मार, काही म्हणणार नाही. पण यांच्या झोपेशी खेळ नको. आधीच लागत नाही, आणि ऑपरेशनपासून डॉक्टरांनी बजावलंय, झोप हवीच."

'हे' म्हणजे चीफ. सगळी गल्ली त्यांना चीफच म्हणायची. उभा जन्म बोटीच्या इंजिनखोलीत गेला, आणि तिथले ते मुख्य होते. जिन्यात त्यांच्या बोटीचा फोटो होता, त्याची काच ते स्वतः पुसायचे. धाकटीने नमस्कार केला की कपाळाला आठ्या घालून "हं" म्हणायचे. तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून दुसरं अक्षर निघालं नव्हतं.

आणि आज सकाळी काकूंनी जिन्यात गाठलं. "रविवारी खाली ये. खोलीचं बोलायचंय. हे म्हणाले, आता स्पष्टच बोलून टाक."

खोली गेली, ही काळ्या दगडावरची रेघ. पण रविवार अजून दोन दिवस लांब होता, आणि धाकटी हातपाय गाळून बसणाऱ्यांतली नव्हती.

शनिवारी काँप्युटरचं दुकान उघडायच्या आधीच ती दारात उभी.

"काँप्युटर गार ठेवायला हवेचा देऊ की पाण्याचा?" दुकानदाराने विचारलं.

"जो गप्प बसेल तो."

"असं होय!" दुकानदार खुलला. "पाण्याचा दिसतो झकास. नळ्या काय, दिवे काय! पण त्याला पंप आला, आणि पंप गुणगुणतो. माझ्या मेव्हण्यासारखा. वाईट नाही, पण चोवीस तास कोण ऐकणार? हा बघा हवेचा. रूप म्हणाल तर नुसता ठोकळा. पण पंखे मोठे आहेत. मोठा पंखा सावकाश फिरतो, आरडाओरडा छोटेच करतात. माणसांचंही तसंच असतं."

त्याने जोडून दाखवला. धाकटीने कान लावला.

"चालू करा ना."

"चालूच आहे. हात धरा पुढे."

तळव्याला गार वारा लागला आणि तिचा चेहरा उजळला. काँप्युटरच्या खोक्याची रुंदी तिने सुतळीने मोजून, गाठ मारून आणली होती. दुकानदाराने ठोकळ्याला सुतळी लावली. बोटभर जागा उरत होती.

"जुना फेकू नका हं," तो पिशवी देताना म्हणाला. "अडीअडचणीला असू द्यावा."

"त्या मेल्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही मला!"

घरी येऊन तिने जुना पंखा उपटला आणि कचऱ्याच्या बादलीत टाकला. नवा बसवला. दुपारची जेवणं झाली, खाली सामसूम झाली. तिने जीव मुठीत धरून अख्खा ससा एकदम लावला.

काही नाही! मोरीतला नळ ठिबकत होता, तो ऐकू आला. पडद्यावर सशाच्या कानावरची लव हलत होती आणि खोलीत चकार शब्द नव्हता. धाकटीला आनंदाने रडूच यायचं बाकी होतं. उद्या खाली जाऊन म्हणणार होती, काकू, आता बोला!

ठक, ठक, ठक.

तिचा विश्वास बसेना. तिने कीबोर्डवरचे हात उचलले.

ठक, ठक, ठक, ठक.

चपला काढून ठेवल्या. मोरीतला नळ आवळला. ठोके आणखी जोरात.

"आता काय श्वासही घेऊ नको?" ती रडकुंडीला आली.

मग जिन्यात पावलं वाजली. जड, पायरीपायरीवर थांबणारी. मागून काकूंचा आवाज, "अहो, चढू नका! मी बघते ना!"

दारात चीफ उभे. पायजमा चुरगळलेला, डोळे लाल, धाप लागलेली. आणि हातात लोखंडी अवजारांची पेटी.

"काका, चुकलं माझं," धाकटीने हात जोडले. "जाते मी. फक्त महिनाअखेरपर्यंत…"

"सरक," चीफ म्हणाले. ते खाली बसले आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी खोक्याला हात लावला. "कधी बंद पडलं?"

"बंद नाही पडलं. चालू आहे. आता आवाज नाही करत."

चीफचा चेहरा पडला. कठडा धरून काकू वर पोचल्या.

"अगं, रोज थांबलं की मी ठोकते आणि तू गुणाची पोर लगेच चालू करतेस. आज हात दुखला तरी चालू करेनास! तुझ्या या घरघरीवर तर यांचा डोळा लागतो. खोली सोडून जाऊ नकोस, एवढंच उद्या सांगायचं होतं गं."

चीफनी पेटीतून पेचकस काढला.

"जुना पंखा कुठाय?" ते म्हणाले. "फेकला नाहीस ना?"