पिवळ्या छत्रीमागची माणसं

एउतिमिओकाकांच्या अंत्यविधीला त्रेचाळीस माणसं आली. अर्थात आत्याला विचाराल, तर असं काही घडलंच नाही.

ऑगस्टमध्ये आमचं सगळं तोलेदो शहर सुट्टीसाठी समुद्रावर गेलेलं असतं आणि जे मागे उरतात त्यांच्याशी काकांचं भांडण होतं. "वहिनी, चर्चमधली बाकं पुसत बसू नकोस. बसणार कोण?" असं आत्या म्हणाली, ते काकूला फार लागलं. ऊन कडक होतं म्हणून तिने पिवळी छत्री उघडली, उंच धरली आणि ताठ मानेने चर्चकडे निघाली. वाटेत, गाईड हरवलेला पर्यटकांचा एक घोळका ती गाईडचीच छत्री समजून तिच्यामागे लागला तो थेट बाकांवर येऊन बसला. आत्याला उभं राहावं लागलं.

"एवढे नातेवाईक?" पाद्रीबाबा कुजबुजले.

"बाहेरगावचे आहेत," काकू म्हणाली.

एकाने शवपेटीकडे बोट दाखवून अदबीने विचारलं, "हे कोणत्या शतकातले?"

"गेल्या."

सगळ्यांनी आदराने माना डोलावल्या.



काल काकूने पर्यटन खात्याकडे रीतसर अर्ज दिला: "माझं वय एक्याऐंशी. माझ्या वेळी कृपया दोन बस राखून ठेवाव्यात. प्रवासी शक्यतो हळवे असावेत. जेवण समाविष्ट नाही."