दोघींना एकच नंबर

थोरल्याने छोट्याची कॉलर धरली आणि त्याला यंत्राच्या चौकटीवर दाणकन आपटलं. छोट्या पस्तिशी ओलांडलेला बाप्या, पण भावासाठी अजून छोट्याच.

"एकेक प्लग काढत बसलास तर दिवस मावळेल. गिऱ्हाईक तासाभरात दारात उभं राहील."

"दादा, दोन चिपा तारेवर असताना नंबर देऊ नकोस. दोघीही तोच घेतील."

थोरल्याने त्याच्या कानाखाली वाजवली. धाकट्याने शिकवलेलं शहाणपण कुणाला गोड लागतं?

पुठ्ठा दाबायचं यंत्र होतं ते. चार मोटरी, प्रत्येकीला हलवणारी नखाएवढी चिप, आणि चारही चिपा एकाच तारेवर. हुकूम सगळ्यांना ऐकू जायचा, पण जिच्या नंबरला हाक मारली तिनेच हलायचं. नव्या चिपा बिननंबराच्या यायच्या आणि पहिला कानावर पडेल तो नंबर घेऊन बसायच्या. म्हणून एकीला नंबर देताना उरलेल्यांचे प्लग काढून ठेवायचे, हा शिरस्ता या दोघा भावांनीच पाडलेला.

छोट्या गाल चोळत पुठ्ठे आणायला मागे गेला. थोरल्याने कॉम्प्युटरवरून एक आणि दोन रीतसर दिले. मग त्याचा धीर सुटला. पुठ्ठा पुढे नेणाऱ्या पट्ट्याची चिप आणि वरून दाबणाऱ्या पाटाची चिप दोन्ही लागलेल्या असतानाच त्याने 'तीन' दिला, मागोमाग 'चार'. चार घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. यंत्र काही बोललं नाही.

छोट्या पुठ्ठा घेऊन आला आणि थांबला.

"प्लग काढून दिलेस ना नंबर?"

"काढले रे बाबा, काढले. घाल हात."

छोट्याने दाबाच्या लोखंडी पाटाखाली उजवा हात घालून पुठ्ठा सरळ केला. पट्टा वीतभर सरकवून बघायचा होता, इतकंच. थोरल्याने टाइप केलं: तीन, पुढे.

पट्टा सरकला. आणि पाट खाली आला.

ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. छोट्या आधी ओरडलाच नाही. मग जे ओरडला ते ऐकून थोरल्याने घाईघाईने कीबोर्ड ओढला. पट्ट्यावर रक्त धावत आलं.

"चार, मागे," थोरला बडबडत होता, टाइप करत होता. "चार, मागे. चार, मागे." चार नंबर कुणाचाच नव्हता. वीज तोडावी तर पाट जिथे असेल तिथेच घट्ट बसतो, तोही बंदोबस्त त्यांनीच केलेला. आणि तीनला मागे म्हणावं, तर पाट सावकाश उठेल, पट्टा मात्र झटक्यात फिरेल आणि पाटाखालचा हात ओढून सोलून काढेल. थोरल्याने बटणावरचं बोट मागे घेतलं. त्याला रडू फुटलं.

छोट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. दात ओठात रुतले होते. त्याने डावा हात चौकटीखाली घातला, चाचपडला, आणि पट्ट्याच्या चिपचा प्लग उपटला.

"आता एकच ऐकणारी आहे," तो म्हणाला. "दे तीन, मागे."

पाट सावकाश वर गेला. त्याच्याबरोबर थोडं काहीबाही वर गेलं. छोट्या घसरत फरशीवर बसला. उजव्या हाताची तीन बोटं कुठे संपतात ते कळत नव्हतं.

थोरल्याने शर्ट फाडून त्याच्या मनगटावर आवळला, शेजारच्या कारखान्यातल्या लोकांना गाडीसाठी हाका मारल्या. आणि मग त्याचं डोकं फिरलं. त्याने घण उचलला. पहिला घाव पाटावर, दुसरा पट्ट्यावर. पत्रा फाटला, मोटर उखडून लोंबकळली. तिसरा घाव घालायला त्याने हात उगारला तेव्हा खालून आवाज आला. छोट्याच्या डाव्या मुठीत अजून तो प्लग होता.

"यंत्राला कशाला मारतोस, दादा? ते कुठे खोटं बोललं?"